भाजलेला कापूस

पटकीच्या साथीने वामन कंपाउंडरचा पार पिट्टा पाडला होता. इंग्रजांच्या अमदानीतलं बुऱ्हाणपूर, एका शेठजींचा धर्मादाय दवाखाना, डॉक्टर एक आणि कंपाउंडर एक. बाकी सगळे रोगीच. शिरेतून द्यायचं मिठाचं पाणी वामन करायचा. पाणी गाळायचं, उकळायचं, बाटल्यांत भरून पुन्हा उकळायचं आणि तोंडाला कापसाचा बोळा लावायचा, तोही जंतू मरावेत म्हणून भट्टीत तांबूस होईस्तोवर भाजलेला. मागच्या आठवड्यात एका बाटलीत कुठूनसे जंतू शिरले, रोग्याला हुडहुडी भरली आणि पटकीतून वाचत आलेला माणूस त्या पाण्याने गेला. तेव्हापासून वामनच्या डोळ्याला डोळा नव्हता.

त्या दुपारी मात्र तयार बाटल्या मागच्या, त्याच्या बिऱ्हाडाला लागून असलेल्या खोलीत फळीवर मांडल्या आणि तो तिथेच भिंतीला टेकून घोरू लागला. शरीर तरी किती ऐकणार?

बैलगाडीच्या आवाजाने जाग आली. जसोंडीहून लोटूला आणलं होतं, वामनच्या बायकोच्या, गोदाबाईच्या पाठच्या भावाला. डोळे खोल गेलेले, पोटऱ्यांना गोळे. "दाजी," एवढंच तो बोलू शकला. डॉक्टर त्याची नाडी शोधत म्हणाले, "वामनराव, बाटली आणा, लवकर!"

वामन फळीकडे धावला आणि जागीच थबकला. सगळ्या बाटल्यांवर पांढरेशुभ्र बोळे होते.

"म्या बदलले," मागून गोदाबाई म्हणाली. रडत होती, तरी शाबासकीची वाट पाहत होती. "तुमी झोपले होते ना. जळका कापूस कसा अशुभ दिसे! आंघोळ करून, सोवळ्यात, देवाच्या वातीचा कापूस लावला. माझ्या लोटूला आता साफ पाणी भेटेल बघा."

कापूस का भाजायचा, हे तिला सांगायला त्याला कधी सवडच झाली नव्हती. वामनला तिचा राग आला, आणि त्याहून जास्त दया आली. आता खरं सांगितलं तर ही जन्मभर जळत राहील.

तो रिकाम्या हातांनी डॉक्टरांपुढे गेला. ती दारातच उभी होती.

"साहेब, ते पाणी देता येणार नाही. दुसऱ्यांदा उकळायचं राहिलं. मला झोप लागली."

डॉक्टर नाही नाही ते बोलले. वामनने मान खाली घालून ऐकलं आणि चूल पेटवली.

पाणी उकळायला वेळ लागला, निवायला त्याहून जास्त. ओली फडकी गुंडाळून, वारा घालून तो बाटल्या निववत होता. पलीकडे गोदाबाई भावाला घोट घोट पाणी पाजत होती आणि तो ते ओकत होता. बाटली कोमट झाली तोवर लोटू गार पडला होता.

लोटूचं तेरावं झालं. साथ काही सरली नव्हती. मागच्या खोलीला आता कुलूप असे. गोदाबाई नवऱ्याशी कामापुरतंच बोले.

एका सकाळी तो भट्टीशी बोळे भाजत बसला होता. ती येऊन उभी राहिली.

"आज पाणी दोनदा उकळलं ना?" तिने विचारलं. "कोणाच्या तरी भावाला लागेल."

"उकळलं," वामन म्हणाला, आणि कापूस परतत राहिला.