दोन लिटर पाणी

इंजिनला पाणी पुरवणाऱ्या पंपाचे दोन्ही पाइप काढून तिने त्यांची तोंडं बुचांनी बंद केली आणि हातपंपाने इंजिनच्या पाण्याच्या वाटेत दाब भरला. मग उपड्या बादलीवर बसून ती दाबाच्या काट्याकडे बघत राहिली. वीस मिनिटं झाली तरी बेटा ढिम्म हलेना.

लाँचचं हे इंजिन चाळीस वर्षांचं. महिनाभर ते रोज दोन लिटर पाणी पीत होतं आणि बाहेर थेंबही दिसत नव्हता. ऑइल मात्र दुधाळ झालं होतं. आतून तडा गेलाय, भंगारात काढू, असं मालकाने ठरवूनच टाकलं होतं. नव्या इंजिनासोबत ते सांभाळणारा ड्रायव्हरही नवा येणार होता, आणि जुना ड्रायव्हर म्हणजे तिचे बाबा. ती धक्क्यावरच्या वर्कशॉपमध्ये मेकॅनिक. फक्त एक दिवस द्या, म्हणून मालकाच्या मागे लागून ती खाली उतरली होती.

काटा हलत नाही म्हणजे तडा नाही! तिला नाचावंसं वाटलं, पण या इंजिनरूममध्ये नाचायचं म्हणजे कपाळमोक्ष. मग पाणी जातं कुठे? उरला पंप. तिने तो सोडवून फळीवर घेतला. एरवी पाना कसा धरावा यावरही भाषण ठोकणारे बाबा आज मुकाट पाने पुढे करत होते.

पंपाच्या दांड्यावर दोन सील असतात, एक पाणी अडवणारं, एक ऑइल अडवणारं. दोन्हींच्या मधोमध, खालच्या बाजूला बारीक भोक ठेवलेलं असतं. पाण्याचं सील गेलं की तिथून थेंब पडतो आणि माणूस वेळेवर जागा होतो. तिने भोकात तार घातली. तार जाईना. तिने जरा खरवडलं. इंजिनचाच हिरवा रंग निघाला, त्याखाली भोक बुजवणारी पुट्टी, तीही घासून गुळगुळीत केलेली. इतकी टापटीप या लाँचवर एकाच माणसाची होती.

"बाबा, हे का बुजवलंत?"

बाबा चिंधीला हात पुसत राहिले.

"गळायला लागलं होतं," ते म्हणाले. "मालक म्हणाले होते, आता एकदा जरी गळलं तरी हे इंजिन काढतो. म्हटलं, दिसलंच नाही तर भागेल."

बाहेरची वाट बंद झाल्यावर पाणी आत ऑइलमध्ये शिरणार नाही तर काय होणार! तिला राग आला, आणि तितकंच भरूनही आलं. इंजिन वाचत होतं, पण कशामुळे ते सांगायचं तर बाबांचं नाव येत होतं.

"गाळाने बुजलं होतं, असं सांगते मी," ती हळूच म्हणाली.

बाबांनी शिडीपाशी जाऊन मालकाला खाली बोलावलं आणि स्वतःच सगळं सांगून टाकलं. रंग लावल्याचंसुद्धा.

मालकाने पंप उलटासुलटा करून पाहिला. नवा पंप बसवून ऑइल बदललं की चालेल ना, हे तिच्याकडून दोनदा वदवून घेतलं.

"काका, चावी द्या," तो म्हणाला.

बाबांनी करदोट्याला बांधलेली इंजिनरूमची चावी सोडली. गाठ सुटायला वेळ लागला. मालकाने चावी तिच्या हातात ठेवली, दुसरा माणूस मिळेपर्यंत तुम्हीच बघा म्हणाला आणि वर निघून गेला.

मग बाबांनी तार उचलून त्या भोकातून आरपार काढली.

"सकाळी आल्याआल्या आधी इथं बोट लावून बघायचं," ते म्हणाले. "ओलं लागलं, तर लगेच वर जाऊन सांगायचं."

"हो," ती म्हणाली. हे तिला आजच कळत असल्यासारखी.