विहिरीतलं इंजिन

केशरबाईला इंजिनाची भीती वाटायची, आणि ती लपवण्याच्या भानगडीत ती कधी पडली नाही. बोरीजवळच्या त्या गावात पहिलं तेलाचं इंजिन आलं ते तिच्याच नवऱ्याच्या विहिरीवर. नारळ फुटला, पेढे वाटले, लिंबाजीने नवा पटका बांधला. ही बाई मात्र लांबूनच म्हणाली, "लय पानी वडतंय वो हे. बैलावानी थकत बी न्हाई."

लिंबाजी पोट धरून हसला. बैल थकतात म्हणून तर इंजिन घेतलं होतं.

मोटेवर जिथं जेमतेम गहू भिजायचा, तिथं ऊस उभा राहिला. शेतात गुऱ्हाळ लागलं, गूळ परभणीच्या पेठेत जायला लागला. परभणी मुंबई राज्यात गेली त्याच्या पुढच्या उन्हाळ्यात मात्र गावचा आड पार आटला. लिंबाजी काही कोत्या मनाचा नव्हता. त्याने बायकांना सांगून टाकलं, सकाळी विहीर तुमची, दुपारी उसाची. बायकांनी त्याला तोंडभर आशीर्वाद दिले. विहिरीला कुणी विचारलंच नव्हतं.

पाणी खाली खाली गेलं आणि वरून ते इंजिनाला ओढेना. मग लिंबाजीने आणि त्याच्या धाकट्या भावाने, वाल्मीकने, विहिरीच्या आत खडक फोडून ओटा केला आणि मोटेच्या नाड्याने इंजिन त्यावर उतरवलं. केवढं डोकं चालवलं म्हणून गावाने वाहवा केली. नवरा आत उतरला की केशरबाई मात्र काठावर येऊन बसायला लागली.

त्या दिवशी बायकांच्या निम्म्याच घागरी भरल्या होत्या, तोच दोघे भाऊ आले. उसाची पानं वाळून वळली होती.

"आज जरा लवकर लावतो, मावशी," लिंबाजी म्हणाला.

"सकाळ आमची ठरली व्हती ना रं?" नर्मदाबाईने विचारलं. म्हातारी नात्याची नव्हती, पण सगळं गाव तिला मावशी म्हणायचं.

"उद्या जास्त घ्या. आज ऊस मरायलाय."

विहिरीत उतरायच्या आधी पेटता कंदील सोडायचा, ही गावाची रीत. आत वाईट हवा असली की तो विझतो. वाल्मीकने कंदील दोरीने सोडला. ओट्यावर टेकला तरी ज्योत हलली नाही.

"बघ," लिंबाजी बायकोला म्हणाला, "आता तरी तोंड सरळ कर." आणि नाडा धरून उतरला. इंजिन धडधडू लागलं. पाटाला पाणी आलं, वाल्मीक ते वळवायला उसात गेला. एरवी लिंबाजी इंजिन लावून वर यायचा. आज पाणी इतकं थोडं होतं, की पाइपाचं तोंड बुडतं राहावं म्हणून तो ओट्यावरच पाइप धरून बसला.

केशरबाई काठावरून हलली नाही. मधून मधून ती नाडा हलवायची, तो खालून झटका द्यायचा. मग एकदा झटका आला नाही. तिने पुन्हा हलवला. वाकून बघितलं तर लिंबाजी कपारीला टेकून बसलेला, हनुवटी छातीवर. डुलकी लागल्यासारखा. पलीकडे कंदील छान जळत होता.

"अवो!" ती ओरडली. "अवो, वर बघा की!"

वाल्मीक धावत आला आणि तसाच नाडा धरून उतरायला लागला. केशरबाईने त्याच्या कमरेला मिठी मारली.

"सोडा, वहिनी! कंदील जळायलाय की. हवा चांगली हाय."

"भावजी, ते पारवं बघा!"

कपारीत घरटी करून राहणारे पारवे ओट्यावर पडले होते. एक नव्हे, चांगले चार. कंदिलाला न कळलेलं त्यांना कळलं होतं. वाल्मीकने काठावरचा पाय मागे घेतला.

"इंजिनाचा धूर मारायलाय त्यास्नी! आधी ते इंजिन बंद करा!" केशरबाई ओरडली.

पण बंद करायचं ते खाली उतरून. केशरबाई वळली. बायका भरलेल्या घागरी घेऊन उभ्या होत्या. दिवसभराचं पिणं होतं ते.

"मावशी, वता. इंजिनावर वता."

नर्मदाबाईने एकदा घागरीकडे बघितलं. घरी तापाने फणफणलेली सून होती. मग तिने घागर उचलली आणि विहिरीत रिकामी केली. पाठोपाठ दुसरी, तिसरी. इंजिन फुसफुसलं, वाफ आली, दोन आचके देऊन ते थांबलं. बायकांनी कडुलिंबाच्या डहाळ्या दोरीला बांधून विहिरीत वरखाली झोडपल्या, हवा हलावी म्हणून. तोवर केशरबाईने दिराला सोडलं नाही. आत नवरा मरत असेल हे तिला कळत होतं, तरी सोडलं नाही.

शेवटी वाल्मीक कमरेला दोर बांधून उतरला. सगळ्या बायकांनी मिळून लिंबाजीला वर ओढलं. तोंड लालबुंद, अंग ढिलं. बऱ्याच वेळाने तो भडभडून ओकला आणि त्याने डोळे उघडले. केशरबाईला एकदम रडू फुटलं.

लिंबाजीने मान वळवून कोरड्या पाटाकडे बघितलं.

"इंजिन कुनी बंद केलं?"

बायकांनी रिकाम्या घागरींकडे बोट दाखवलं.

"वाल्मीक, पुसून घी त्येला. निम्मा ऊस ऱ्हायलाय. उद्या लावू."

वाल्मीक फडकं शोधायला उठला. नर्मदाबाईने रिकामी घागर कडेवर घेतली. तो वाचला की भीती जाईल, असं केशरबाईला वाटलं होतं. तिने नवऱ्याच्या धोतराचा सोगा मुठीत गच्च धरला. तो म्हणाला, "सोड की आता." तिने सोडला नाही.