मुखाकडच्या सहा प्लेटी

प्रयोगशाळेच्या दाराला आतून कडी घालायला ती उठली, तोवर दादाच्या पहारेने दारच उचकटलं. पुढचा घाव बाटल्यांच्या कपाटावर बसला. काचांचा सडा पडला.

“खाडी बंद करणार म्हणे तू! सख्ख्या भावाची चूल विझवायला शिकवलं होय तुला?”

“दादा, पहार खाली ठेव. पाणी तपासणं माझं काम आहे.”

“तीस वर्षं शिंपल्या काढतोय त्या पाण्यातून. मेलो का मी?”

“तू नाहीस मेलास. पण परवाच्या पावसानंतर अठरा माणसं दवाखान्यात पडलीत, याच खाडीतल्या शिंपल्या खाऊन.”

त्याने तिच्या थोबाडीत दिली. टेबलाची कड लागून तिची भुवई फाटली. चिखलात पाय कसा टाकायचा, हे ती याच हाताला धरून शिकली होती.

“ऐक तरी,” रक्त डोळ्यात उतरत असताना ती म्हणाली. “पाऊस गटारात मावत नाही, मग नाला सगळा मैला खाडीत ओकतो. चिखलात आपलेही जंतू असतात रे, घाण खाऊन पाणी निवळवणारे. नाल्यापाशी ते गुदमरून मेले, रोगाचे तेवढे माजले. पण सगळीकडे सारखं नसतं. म्हणून तर जागोजागचं पाणी आणलंय. मला एवढं बघू दे—”

“बघ की! डोळे भरून बघ!”

पाण्यातले जंतू वाढवून मोजायच्या, टेबलावरच्या सहा काचेच्या प्लेटी त्याने एकेक करून फोडल्या. शेवटची हातानेच आपटली. तळवा उभा चिरला, तेव्हा कुठे पहार गळून पडली.

तिने त्याला नळाखाली ओढलं. जखमेवर औषध ओतताच तो कळवळला.

“भाजतंय गं.”

“भाजू दे. हात हलवू नकोस.”

चिमट्याने ती काचा काढू लागली. तिने आणि साहेबांनी, दोघांनी डोळ्यांनी पाहिल्याशिवाय इथे आकडा वहीत चढत नसे, आणि ज्या जागेचा आकडा नाही, ती जागा शिंपल्या काढायला बंद. साहेब अकराला यायचे होते, अहवाल बाराला जायचा होता. नाल्याकडच्या प्लेटी, रोगजंतूंच्या पिवळ्या ठिपक्यांनी बरबटलेल्या, अजून उबेच्या कपाटात शाबूत होत्या. आधी बाहेर काढल्या होत्या त्या, आता फुटलेल्या सहा, खाडीच्या मुखाकडच्या, दादा जिथे शिंपल्या काढतो तिथल्या. राहवलं नाही म्हणून. प्रत्येकीत दोन-तीनच ठिपके, मर्यादेच्या आत. तिने तीनदा मोजले होते.

तळव्यातून निघालेल्या एका तुकड्यावर तिचंच अक्षर होतं. तिने तो मुठीत झाकला.

“गेलं ना सगळं?” दादा धापा टाकत म्हणाला. आवाजात आता नुसता दमलेपणा होता. “आता काय लिहिशील?”

तिने पट्टीची गाठ मारली, दातांनी दोरा तोडला.

“उरलंय ते.”

आणि उबेचं कपाट उघडायला ती उठली.