वीस हजार एक

सकाळी चहा गाळत होते, तेवढ्यात निकिता मोबाइल नाचवत स्वयंपाकघरात आली. "आई, तू फेमस झालीस."

सोसायटीच्या ग्रुपवर कोणीतरी पूर्वाच्या पक्षाच्या देणगीदारांची यादी टाकली होती, निवडणूक आयोगाच्या वेबसाइटवरून उतरवून घेतलेली. एवढासा पक्ष, नावं जेमतेम चौदा. नववं माझं. शैला रतन ओव्हाळ, मांजरी, फ्लॅट नंबरासकट. अर्धा चहा ओट्यावर सांडला.

मी एकोणीस वर्षं विश्वजीत सरांच्या ऑफिसात काम करते. सर बिल्डर. आमच्या सोसायटीमागच्या मैदानावर त्यांना तीन टॉवर उभे करायचेत. पूर्वा आमच्याच बिल्डिंगमधली वकील पोरगी. मैदान वाचवते म्हणून महापालिकेला उभी राहिली आणि पडली. तिच्या पक्षाला मी गुपचूप चेक दिला होता. सरांना कळलं तर नोकरी गेलीच म्हणायची. रतन जाऊन सात वर्षं झाली, निकिताचं इंजिनिअरिंगचं शेवटचं वर्ष माझ्या पगारावर चाललंय.

"वीस हजारांपर्यंत दिले तर नाव जाहीर होत नाही," निकिता म्हणाली. "त्याच्या वर गेलं की होतं. तू किती दिलेस?"

"वीस हजार एक."

"एक कशाला?"

कशाला म्हणजे? लग्नाच्या पाकिटात आईनं आम्हाला कधी नुसते शंभर घालू दिले नाहीत. विहाराची वर्गणीसुद्धा पाचशे एक. शून्यावर थांबायचं नाही, एवढंच डोक्यात होतं. हौसेनं एक रुपया वाढवला आणि त्यानंच घात केला.

ऑफिस वारज्याला, मांजरीहून दोन बस. बसायला जागा मिळूनही मी उभीच राहिले. सोसायटीच्या जिन्यात तावातावानं बोलणारी मीच होते की, पक्षांना कोण पैसे देतं ते लोकांना कळलंच पाहिजे म्हणून! अहो पण ते कोटीवाल्यांचं. माझं नाव लावून कोणाचं भलं होणार होतं? पटत नव्हतं, आणि आपलं आपल्यालाच पटत नाही म्हणून आणखी चिडचिड होत होती. दर स्टॉपला मोबाइल उघडून बघत होते. यादी तिथंच होती. कंडक्टरनं दोनदा तिकीट मागितलं.

ऑफिसात पाय ठेवते तोच शेजारच्या टेबलवरचा आमोद म्हणाला, "ताई, सरांनी बोलावलंय."

सरांच्या हातात मोबाइल होता. "या शैलाताई. देणगीदार माणसं तुम्ही, बसा."

"सर, मी माझ्या पैशांतून..."

"ते दिसतंच आहे. वरचा एक रुपया आमच्या कंपनीनं दिला नसता." ते हसले. "तुम्हाला काढणार नाही, घाबरू नका. मैदानवाल्यांना पैसे दिले म्हणून बाई काढली, ही बातमी मला कशाला हवी? शिवाय त्या पूर्वाबाईंच्या पक्षाला आपणही दिलेत. ऑफिसातल्या अकरा जणांच्या नावानं, बरोब्बर वीस-वीस हजार. यादीत एकाचंही नाव नाही, बघा."

"मला कसं माहीत नाही?"

"तुम्हाला विचारलं असतं तर तुम्ही भाषण दिलं असतं. जा, कामाला लागा."

मी जिन्यात जाऊन पूर्वाला फोन लावला. "पूर्वा, आमच्या ऑफिसातून तुमच्याकडे किती जणांचे पैसे आले?"

ती म्हणाली, "ताई, वीस हजारांपर्यंतची नावं जाहीर करायचं कायद्यानं बंधन नाही."

"कायद्याचं विचारत नाही गं. मी विचारतेय."

"प्रचाराला पैसा लागतो, ताई. रिक्षा, पत्रकं, माणसं. मैदानाचं आपण पुढच्या वेळी नक्की बघू."

मी फोन ठेवला. नोकरी शाबूत होती. सकाळपासून तेवढंच तर हवं होतं. मग जिन्यात उभी राहून मी का रडत होते? राग पूर्वाचा येत होता, सरांचा येत होता, आणि सगळ्यात जास्त स्वतःचा, कारण सर "काढणार नाही" म्हणाले तेव्हा मला आधी बरं वाटलं होतं.

आमोद मागोमाग आला होता. "काय म्हणाले? काढलं नाही ना?"

"तूही दिलेस ना वीस?"

त्यानं मान खाली घातली. "सगळ्यांनीच दिले, ताई. सरांनी आधी खात्यात टाकले, मग आम्ही चेक लिहिले. मला वाटलं, तुमचेही तसलेच."

"नाही रे," मी म्हणाले. "मी माझे दिले होते."