अंगातला शर्ट

बाबांचा दहावा चौकला करायचा, हे मी ठरवलं. चौक म्हणजे उत्तनजवळचं मासेमारीचं गाव. निवृत्त झाल्यावर बाबा रविवारी आमच्या इंद्रलोक वसाहतीतून निघून, रिक्षा आणि बस करत तिथे जायचे आणि नातवाला घेऊन खडकावर बसायचे. धाकूकाकांना खाडीवरचा नेहमीचा घाट हवा होता. शिवाय बायका दहाव्याला जात नाहीत, असंही ते म्हणाले. मी सकाळी जाऊन गाडीत बसले.

डिसेंबरची उन्हं होती. गुरुजींनी वाळूवर पाट मांडला आणि नीरजला म्हणाले, "बाळ, शर्ट काढून ये."

नीरज माझा मुलगा, नववीतला. बाबांना मुलगा नाही, म्हणून अग्नी त्यानेच दिला होता. त्या दिवशीच्या घाईत तो शर्ट घालूनच उभा होता, हे कोणाच्या लक्षात आलं नव्हतं. आज मुंडण करायलाही तो निमूट बसला. आता मात्र त्याने दोन्ही हात छातीशी बांधले.

"नाही काढणार."

"पोरगी आहेस काय लाजायला?" काका हसले. ते बाबांचे धाकटे भाऊ, कालच रत्नागिरीहून आलेले. "आम्ही लंगोटीवर बसलो होतो आमच्या बापाच्या दहाव्याला."

नीरजने माझ्याकडे पाहिलं. मला कारण माहीत होतं.

मे महिन्यात त्याने क्रिकेट सोडलं. भर उकाड्यात शर्टाखाली दोन-दोन बनियन घालू लागला. मी ओरडत राहिले. बाबांनी ओरडा केला नाही. त्यांनी एका संध्याकाळी त्याला बाल्कनीत बसवलं.

बाबा आयुष्यभर शाळेत विज्ञान शिकवत होते. वयात येण्यावरच्या ज्या धड्यावर इतर शिक्षक 'घरी वाचून या' म्हणत, तो ते वर्गात मोठ्याने वाचत. एका मुख्याध्यापकांनी तो गाळायला सांगितला, तेव्हा म्हणाले, "पुस्तकात छापलाय ना, मग वर्गात वाचता येईल." आवाज फुटणं, मिसरूड फुटणं, एखादा उंच होतो आणि बाकावरचा शेजारी तसाच राहतो, झोपेत कपडे ओले होणं, सगळं ते एकाच आवाजात सांगत. पचनसंस्थेसाठी जो आवाज, तोच. स्टेशनबाहेरच्या भिंतींवर रंगवलेल्या, अशक्तपणा घालवून देणाऱ्या वैद्यांच्या जाहिराती पाहिल्या की मात्र ते चिडत. "निरोगी पोरांना आजारी ठरवून पोट भरतात," म्हणत.

बाल्कनीत त्यांनी नीरजला विचारलं, "दुखतं का?"

"बॉल लागला की दुखतं. दोन्हीकडे गाठ आहे. आजोबा, मला कॅन्सर झालाय का?"

"नाही रे. वयात येताना संप्रेरकं कमीजास्त होतात, त्याने छातीत अशा गाठी येतात. खूप मुलांना येतात, कोणी सांगत नाही एवढंच. बहुतेकांच्या वर्ष-दोन वर्षांत आपोआप जातात. तरी डॉक्टरांना एकदा दाखवू, म्हणजे तुझ्या डोक्यातून जाईल." मग जरा थांबून म्हणाले, "मलाही आल्या होत्या. सगळा उन्हाळा विहिरीवर पोहायला गेलो नाही. धाकू चिडवायचा."

हे मला बाबांनीच सांगितलं, पण आधी त्याची परवानगी घेऊन. "आईला सांगू?" असं त्यांनी विचारलं होतं. डॉक्टरांनीही पुढे तेच सांगितलं. पण बनियन दोनच राहिले.

आता वाळूवर मी नीरजजवळ वाकले. "सांगू?"

त्याने मान हलवली. नको.

"गुरुजी, तो शर्ट घालूनच बसेल," मी म्हणाले.

"काही कारण?"

"त्याला काढायचा नाही."

गुरुजींनी घड्याळ पाहिलं. "वरून उपरणं घे, बाळ. बस."

"असं कुठे असतं काय?" काका म्हणाले. पण विधी सुरू झाला होता.

पिंड ठेवले. आम्ही मागे सरलो. कावळे पुष्कळ होते. बांबूंवर बोंबील वाळत घातले होते, त्यांच्याभोवती नुसती काव काव चालली होती. भाताकडे एकही फिरकला नाही.

काकांनी हात जोडले. "दादा, वहिनीकडे आम्ही बघू. मोकळा हो." मग गावच्या घराचं आश्वासन दिलं. मग आंब्याच्या झाडांचं. कावळे जागेवरच.

"दादा रागावलाय," काका म्हणाले. "नीरज, शर्ट काढ. शिवतो की नाही बघ."

"काका, पुरे."

"गो संपदा, बाप अडकलाय तुझा. एवढ्याशा शर्टापायी."

मी पिंडासमोर जाऊन उभी राहिले. "बाबा, नीरजला त्याच्या मनाविरुद्ध कोणी उघडं करणार नाही. मी आहे तोवर नाही." आवाज खाली न आणता बोलले. कावळा येईल अशी माझी अपेक्षा नव्हती. आला नाही.

"आई," नीरज म्हणाला, "बोंबील सोडून ते भात कशाला खातील?"

गुरुजींना खोकला आला.

"जास्त शहाणा झालास," काका म्हणाले. "काय लपवलंयस रे शर्टात, ते तरी सांग."

मी तोंड उघडलं.

"थांब, मी सांगतो." नीरज उठून उभा राहिला. "छातीत गाठी आल्यात. वयात येताना येतात. जातील." मध्येच त्याचा आवाज फाटला, तरी तो बोलत राहिला. "आजोबांनाही आल्या होत्या. ते विहिरीवर यायचे बंद झाले होते. तुम्ही चिडवायचात त्यांना. आठवतं, धाकूआजोबा?"

काकांनी समुद्राकडे पाहिलं. त्यांचा हात स्वतःच्या सदऱ्याच्या वरच्या बटणाशी गेला आणि तिथेच राहिला.

"गुरुजी, दर्भाचा कावळा करा," मी म्हणाले.

गुरुजींनी दर्भ वळून नीरजच्या हातात दिला. नीरजने वाकून पिंडाला दर्भ लावला.

"आता स्नान," गुरुजी म्हणाले. "समुद्रात बुडी मारून यायचं."

नीरज शर्टासकट पाण्यात शिरला. कमरेएवढ्या पाण्यात जाऊन त्याने बुडी मारली, मग दुसरी, तीही गुरुजींनी न सांगता. परत येताना शर्ट अंगाला चिकटला होता आणि वाळूवर बसलेली सगळी माणसं त्याच्याकडे पाहत होती. त्याने हात छातीशी बांधले नाहीत. मी टॉवेल पुढे केला. तो त्याने घेतला आणि डोकं पुसलं.