शेड कार्डात नसलेला रंग

मास्तरांनी दारातच चपला काढल्या, पिशवी सरळ पलंगापाशी नेली आणि वही उघडून वाचायला सुरुवात केली.

"गाडी सहा दहाची, सुटली साडेसहाला. सीट बावीस, खिडकीची. तळ्याचा कठडा छत्तीस इंच. लाकडी पूल रुंदीला सत्तर..."

"अहो, टेप घेऊन गेला होतात?" बायकोने भिंतीकडे तोंड ठेवूनच विचारलं.

"मग? नजरेवर कोण विसंबतं?"

चाळीस वर्षं मास्तरांनी लोकांचे कपडे शिवले आणि घर ते दुकान यापलीकडे पाऊल टाकलं नाही. सरड्याची धाव कुंपणापर्यंत, असं बायको चिडवायची. तिच्या पायाला मात्र भिंगरी. वर्षातून दोनदा मैत्रिणींबरोबर निघायची, आली की आठ दिवस सांगत राहायची आणि मास्तर मशीनवरून मान वर न करता म्हणायचे, "जग बघून पोट भरतं का?"

मग तिचं खुब्याचं हाड मोडलं. डॉक्टरांनी प्रवास कायमचा बंद केला. डोंगरातल्या तळ्याचं काढून ठेवलेलं तिकीट तिने उशीखाली सरकवलं आणि ताटात अन्न टाकायला लागली. दोन महिन्यांत निम्मी झाली. मास्तर मनातून पार घाबरले. शेवटी तिच्याऐवजी तळं बघून यायला म्हणून तेच गाडीत चढले.

"पाणी कसं होतं?" तिने विचारलं.

मास्तरांनी पानं उलटली. पाण्याबद्दल वहीत एक अक्षर नव्हतं.

"राहू द्या. गेलात खरे, पण कोरडेच आलात."

मास्तर ओशाळले. खिसा चाचपून त्यांनी दोऱ्यांचं शेड कार्ड बाहेर काढलं. गिऱ्हाइकाच्या कापडाशी दोरा जुळवायचं ते जुनं कार्ड, कडेला पाण्याने फुगलेलं.

"हे पाण्याशी धरून बसलो होतो. पोचलो तेव्हा हा होता. उन्हं चढल्यावर हा. ढग आला की बघता बघता हा. आणि चारच्या सुमाराला... एकही जुळेना गं. तीनशे रंग आहेत यात, तो नाही."

तिने हळूहळू कूस बदलली. कार्ड घेऊन खिडकीच्या उजेडात धरलं.

"या दोघांच्या मधला?"

"छे! त्याच्या जवळपासही नाही."

मास्तर पलंगाच्या कडेवर टेकले. वही मिटली.

"परतीची गाडी समोर उभी होती आणि माझा पाय उचलेना. दुकान आठवलं नाही. खोटं कशाला बोलू, घरही आठवलं नाही." त्यांनी तिच्याकडे पाहिलं. "तू दर वेळी हे सगळं सोडून परत कशी येत होतीस?"

ती कार्डावरून बोट फिरवत राहिली. मग तिने हात पुढे केला.

"उठवून बसवा मला. भूक लागलीय. आणि पुढच्या खेपेला टेप घरी ठेवून जा."