जावईबापूंची सहा चाकं

देवानं माणसाला दोन पायांवर उभं केलं, आणि बिचारा निमूट उभा राहिला. नागेशच्या गाडीला देवानं नाही, पण कारखान्यानं चार चाकं दिली होती. ती मात्र नागेशला कमी वाटू लागली.

गाडी वीस वर्षांची, अमेरिकन. जर्मनीतल्या कार्ल्सरूहेच्या त्या गल्लीत ती दोन गाड्यांची जागा खाऊन बसायची. "हिला मागे जोडचाकं बसवायची," नागेशनं मार्चमध्ये जाहीर केलं. "ट्रकला असतात तशी. एकेका बाजूला दोन-दोन."

"कशाला?" बायकोनं, सुमेधानं विचारलं.

"बाबांच्या कीर्तनाला."

सुमेधाचे वडील श्यामकांतबुवा तीन महिन्यांच्या व्हिसावर लेकीकडे आले होते. साठ वर्षं नारदाच्या गादीवर उभा राहिलेला माणूस. आता गुडघे बोलायला लागले होते आणि गळा कधी साथ देई, कधी नाही. जवळच्याच हायडेलबर्गच्या मराठी मंडळानं त्यांचं एकच कीर्तन ठरवलं होतं, जूनमधल्या एका शनिवारी. बुधवारी त्यांचं परतीचं विमान. पुन्हा एवढा प्रवास त्यांच्याच्यानं होणार नाही, हे सुमेधाला कळत होतं. हे एक कीर्तन नीट पार पडावं, एवढंच तिनं देवाकडे मागितलं होतं.

मंडळाच्या हृषिकेशनं सांगितलं होतं, "सतरंज्या, स्पीकर, पेटी, सगळं माझ्या गाडीतून आणतो." पण हृषिकेश नागेशच्याच ऑफिसात होता आणि जानेवारीत, नागेशच्या आधी, टीमलीडर झाला होता. त्याच्या गाडीतून सासऱ्यांची पेटी जाणार म्हटल्यावर नागेशला जे दुखणं जडलं, त्याला कोणत्याच वैद्याकडे औषध नाही.

"सामान माझ्या गाडीतून जाईल," तो म्हणाला. "लाकडी मंचासकट."

मंच कुणी मागितला नव्हता.

नागेशचं पोट गाड्यांच्या आसांवरच चालायचं. आस म्हणजे चाकांना जोडणारा दांडा. दिवसभर तो संगणकावर आस वाकवी, पिळी, मोडी. प्रत्यक्षात त्यानं आयुष्यात एक नटही सोडवला नव्हता. श्यामकांतबुवांना त्यानं पडद्यावर आकृती दाखवली. "हिरवं दिसतंय ना बाबा, म्हणजे आस मजबूत."

बुवा चष्मा पुसत म्हणाले, "वा, जावईबापू. हिरवंगार आहे."

जावयाला नाही म्हणायचं नाही, हे त्या पिढीचं व्रत. एकादशी मोडेल, हे मोडणार नाही. आणि नागेशचा घोटाळा असा, की सासऱ्यांच्या भिडेला त्यानं तांत्रिक मान्यता समजून टाकलं.

जवळच्या खेड्यातल्या एका मेकॅनिकनं दोन महिने खपून चाकं बसवली. ती बाहेर आली म्हणून त्यांच्यावर फायबरची रुंद मडगार्डं चढवली. आता पुढून गाडी होती तशीच आणि मागून लग्नाच्या पंगतीत तिसऱ्यांदा बसलेल्या विहिणीसारखी. त्यांची दहा वर्षांची लेक इरा ती पाहून जर्मनमध्ये काहीतरी म्हणाली आणि आजोबांनी अर्थ विचारल्यावर आईच्या मागे लपली.

तपासणीला न्यायच्या आधी पूजा झाली. चाकाखाली ठेवायला सुमेधानं सवयीनं चार लिंबं आणली होती.

"सहा हवीत," ती म्हणाली. "थांब, दुकानातून आणते."

"नको. मागची दोन-दोन चाकांच्या बरोब्बर मध्ये ठेवू. भार समान वाटला जाईल."

गाडी पुढे सरकली. पुढची लिंबं चेचली. मागची दोन जोडचाकांमधल्या फटीत सुखरूप राहिली. एकाला साधा ओरखडाही नाही.

सगळे बुवांकडे बघू लागले. बुवांनी एक लिंबू उचललं, झब्ब्याला पुसलं आणि म्हणाले, "सरबताला होईल."

कीर्तनाच्या आदल्या दिवशी, शुक्रवारी तपासणी. गाडीत केलेला प्रत्येक बदल तपासून कागदावर चढल्याशिवाय तिला रस्त्यावर यायची मुभा नाही, हे त्या देशात शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. प्रूफर, म्हणजे तपासनीस, हा सडसडीत, शांत गृहस्थ होता. त्यानं गाडी वजनकाट्यावर घातली, खाली वाकून पाहिलं.

"मागच्या आसावर किती भार चालेल, हे कुणी ठरवलं?"

"मी," नागेश म्हणाला आणि छप्पन्न पानांचा अहवाल पुढे केला.

"आसाच्या कंपनीचं पत्र?"

"ते नाही. पण सिम्युलेशन आहे."

"गेनाऊ," प्रूफर म्हणाला, म्हणजे अगदी बरोबर. "गाडी मात्र खरी आहे." मग त्यानं सावकाश समजावलं. पत्र नाही, म्हणजे कागदावर आसाचा भार पूर्वीइतकाच. नवी चाकं आणि मडगार्डं मिळून दीडशे किलो. तेव्हा गाडी आता आधीपेक्षा दीडशे किलो कमी नेणार. आणि आज ती काहीच नेणार नाही.

सामान वाहायला निघालेली गाडी परत आली ती दुसऱ्या गाडीच्या पाठीवर बसून.

संध्याकाळी नागेश म्हणाला, "कीर्तन आठवडाभर पुढे ढकलू. तोवर पत्र मागवतो."

"बाबांचं विमान बुधवारी आहे."

"तिकीट बदलू."

"आणि व्हिसा? आणि गळा?" सुमेधानं शांतपणे विचारलं. "नागेश, बाबा तुला नाही म्हणणार नाहीत. मी म्हणतेय. नाही." तिनं त्याच्यासमोरच हृषिकेशला फोन लावला. तो एवढंच म्हणाला, "सकाळी आठला खाली येतो."

शनिवारी सतरंज्या, स्पीकर आणि पेटी हृषिकेशच्या साध्या, चार चाकांच्या गाडीत मावली. वर एका माणसाची जागाही उरली. तिथे बुवा बसले. बाकीचे रेल्वेनं गेले. मंचावाचून कुणाचं अडलं नाही.

बुवा उभे राहिले. पहिल्या दोन ओळींत गळा अडखळला. मग पेटीनं सूर धरला आणि आवाज मोकळा झाला. निरूपण अहंकाराचं होतं. "ओझ्यानं माणूस दमत नाही हो," बुवा म्हणाले. "ओझं मीच उचलणार, या हट्टानं दमतो. देव म्हणतो, बाबा रे, थोडं बाजूला सर, मला हात तरी लावू दे."

सभागृहात खसखस पिकली. चार-दोन माना नागेशकडे वळल्या. सुमेधानंही पाहिलं. नागेश डोळे मिटून डोलत होता, टाळ्या ठेक्यात होत्या, चेहरा भक्तीनं भिजलेला. तिच्या मनात आलं, पोहोचलं एकदाचं.

तेवढ्यात तो तिच्या कानाशी वाकला.

"बाबांनी हृषिकेशला काय बरोब्बर पकडलंय."